शेऱ्याचा रकाना

६ जानेवारी १८९०, सोमवार

शाळेच्या दारावर आज नोटीस लागली. तीस तारखेला मतदान. ग्लेन कॅरीच्या केंद्रावर गेली तेवीस वर्षं मतांचा कारकून मीच आहे, यंदाही मीच. शाळेतली मास्तरकी सोडून चार वर्षं झाली, तरी त्या टेबलाशी बसायला त्यांना दुसरा माणूस सापडत नाही. माझ्यासारखं अक्षर साऱ्या बेटावर नाही, हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

विधानसभेतल्या आमच्या दोन जागांपैकी एक बिनविरोध गेली. दुसरीसाठी लेम्युअल स्टॅव्हर्ट विरुद्ध एनिअस मॅकइसाक. स्टॅव्हर्टचं दुकान आहे, लॉब्स्टर डबाबंद करायचा कारखाना आहे, आणि गोठलेल्या नदीवर उभी असलेली चिखल काढायची सहाच्या सहा यंत्रं त्याची आहेत. शेताला खत म्हणून शिंपल्यांचा चिखल घालायचा तर त्याच्याच दारी जावं लागतं. मॅकइसाक म्हणतो, नदी देवाची, चिखल ज्याला हवा त्यानं काढावा. मी कोणाचाच नाही. चौदा एकरांचा धनी आहे, मताचा हक्क आहे, पण तेवीस वर्षांत तोंड उघडलेलं नाही. कारकुनानं लिहावं, बोलू नये.

संध्याकाळी माझी वही काढली: ‘ग्लेन कॅरी मतदारसंघाचा इतिहास’. सरकारी वही मोहोर लावून शहरात जाते, पण तिची नक्कल मी घरी ठेवतो. आमच्याकडे मत तोंडी द्यायचं. माणूस टेबलापुढं येतो, नाव सांगतो, जमीन सांगतो, उमेदवार सांगतो. मी लिहितो आणि मोठ्यानं वाचून दाखवतो. दाराबाहेर शंभर कान टवकारलेले असतात. मध्ये एकदा गुपचूप चिठ्ठ्या टाकायचं खूळ आलं आणि गेलं. मर्दानं मत पोटात ठेवू नये, असं आमच्याकडचं म्हणणं.

त्यामुळे कोणी कधी कोणाला मत दिलं, सगळं माझ्या वहीत आहे. शिवाय कोणाची किती हाडं मोडली तेही. त्र्याहत्तर साली दोन बरगड्या, सात दात आणि फारकर बेलचा कान. कान बर्फात पडला होता तो एप्रिलमध्ये सापडला. ब्याऐंशीला दारातच कुऱ्हाडीचे दांडे चालले, टेबलावर रक्त उडालं, मी टिपकागद ठेवून पुढचं नाव लिहिलं. हे वाचताना आज एकटाच हसत बसलो होतो.

शेवटचा रकाना शेऱ्यांचा. ही माझी खास करामत. नुसत्या नावांनी इतिहास होत नसतो, माणूस कसा आहे ते दोन ओळींत पकडावं लागतं.

८ जानेवारी, बुधवार

स्टॅव्हर्टच्या दुकानाचा हिशेबनीस बेंजामिन लीअर्ड आज चहाला आला. तिशीतला, शहरात शिकलेला, बोटांना शाई, तोंडात साखर. म्हणाला, “मास्तर, तुमच्या वहीबद्दल ऐकून आहे. अशी गोष्ट पेटीत कुजता कामा नये. ती छापली पाहिजे.”

मी म्हणालो, “कोण वाचणार या आडगावचं?”

“का नाही? शहरात माझ्या ओळखीचा छापखाना आहे. एक-दोन नमुने तरी ऐकवा.”

ऐकवले. सँडी मॅकॉर्मॅक, साठ एकर: “बायको वारली तेव्हा अंगणात उभा राहिला, घोडी आजारी पडली तेव्हा तबेल्यात निजला. याचं मत वळवायचं तर घोडीला विचारा.” लीअर्ड इतका हसला की कप हिंदकळला. टिमथी हेनेसी, पन्नास एकर: “देव, पाद्री, सावकार कोणाला भीत नाही. भितो फक्त आगीला. कोठारात कंदीलसुद्धा नेत नाही.” त्यावर तो म्हणाला, “दोन वाक्यांत अख्खा माणूस. कसं जमतं हो तुम्हाला?”

स्तुती कोणाला आवडत नाही? पण नुसतं “छान” म्हणणारे पुष्कळ भेटतात, नेमकं काय छान ते सांगणारा तेवीस वर्षांत पहिला भेटला. वही त्याला दिली. वीस दिवसांत परत आणीन म्हणाला. जाताना ती मफलरमध्ये गुंडाळून नेली, बर्फ लागू नये म्हणून.

१२ जानेवारी, रविवार

लेकीकडे, एफीकडे, जेवलो. बटाटे आणि खारवलेला हेरिंग मासा. पोरीला सातवा महिना आहे, तरी पाण्याच्या बादल्या स्वतःच उचलते आणि कोणी टोकलं तर वस्कन अंगावर येते. आईवर गेली आहे.

ऑस्टिन, माझा जावई, होड्या बांधतो आणि व्हायोलिन वाजवतो. या नदीच्या दोन्ही तीरांवर त्याच्यासारखा वाजवणारा नाही. यंदा तो मॅकइसाकसाठी घरोघर फिरतोय. मी म्हणालो, “अरे, पोर व्हायचंय. जरा गप्प बस की.”

“मास्तर, तुम्ही बसता की आम्हा सगळ्यांच्या वाटचं गप्प.”

एफी हसली. मला ते आवडलं नाही, पण वाक्य चांगलं होतं. वही परत आली की त्याच्या शेऱ्यात भर घालीन. त्याचा शेरा सध्या असा आहे: “माझा जावई. हट्टी. मारानं वळणार नाही. जपतो दोनच गोष्टी: डावा हात आणि माझी मुलगी.” वही छापली जातेय हे त्यांना सांगितलं. एफीनं विचारलं, “आमच्याबद्दल काय लिहिलंय?” म्हटलं, छापून आल्यावर वाच.

१५ जानेवारी, बुधवार

सँडीच्या घोडीच्या मागच्या दोन्ही पायांच्या शिरा कोणी कापल्या. सकाळी तो दाणा घेऊन गेला तर ती पुढच्या पायांवर उभं राहायची धडपड करत होती. तबेल्याचा अर्धा पेंढा लाल झाला होता. सँडीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, बराच वेळ तिच्याशी आमच्या जुन्या गेलिक भाषेत बोलला, मग कुऱ्हाड आणली. हे मला शेजारच्या बाईनं सांगितलं. मी पोहोचलो तेव्हा तो कुऱ्हाड पुसत होता.

“सँडी, कोणी केलं असेल?”

“ज्याला ठाऊक होतं त्यानं.”

खरं आहे, पण घोडीवर त्याचा जीव आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यात काही गुपित नव्हतं. सँडी मॅकइसाकच्या बाजूचा, तेव्हा संशय सगळ्यांचा रॉरी मॅकफीवर. हा स्टॅव्हर्टच्या यंत्रांचा मुकादम. शाळेत माझ्याकडे होता, तीनदा एकाच इयत्तेत. पण आमचा न्यायाधीश स्टॅव्हर्टचा मेहुणा, तेव्हा तक्रार कोणाकडे करायची?

इतिहासासाठी सुट्या कागदावर नोंद केली: मतदानाआधी जनावराला हात लावण्याचा हा पहिला प्रसंग.

२१ जानेवारी, मंगळवार

हात भाजले आहेत, जेमतेम लिहितोय.

काल पहाटे हेनेसीचं कोठार पेटलं. तोही मॅकइसाकच्याच बाजूचा. धूर दिसला तशी गावातली निम्मी माणसं धावली. विहिरीवर बर्फाचा थर. तो फोडेपर्यंत छप्पर गेलं होतं. आत पाच गाई होत्या. त्यांचा आवाज मी इथे लिहिणार नाही. टिमथी दोनदा आत शिरला, दुसऱ्यांदा त्याचे केस पेटले, त्याच्या बायकोनं त्याला बर्फात पाडून वर स्वतः पडून विझवला. एकच गाय बाहेर काढली, तीही दुपारपर्यंत मेली. टिमथी जळक्या डोक्यानं तिथेच बसून राहिला. “मी कंदीलही नेत नव्हतो, मास्तर,” एवढंच म्हणत होता. मी म्हणालो, “माहीत आहे रे.” तो माझ्याकडे बघत राहिला.

बादल्यांच्या रांगेत माझ्या शेजारी लीअर्ड होता. चांगला कोट घालून आला होता, त्याची पर्वा न करता राबला. विसावलो तेव्हा त्यानं वहीचा विषय काढला. असल्या वेळी कशाला, असं मला वाटलं, पण त्याची तळमळ बघून बरंही वाटलं. म्हणाला, “तुमच्या जावयाच्या शेऱ्यात डावाच हात का? वाचकाला कळायला हवं. लिहितो तर तो उजव्यानं.”

“अहो, व्हायोलिनच्या तारांवर नाचतात ती डाव्या हाताची बोटं. उजवा नुसता गज ओढतो. उजवा गेला तर तो होडी डाव्यानं बांधील, पण डावा गेला तर सूर गेले.”

“असं होय,” लीअर्ड म्हणाला. “हे खाली बारीक अक्षरात घालायला हवं.”

इतक्या बारकाईनं वाचणारा माणूस मी आजवर पाहिला नाही.

२६ जानेवारी, रविवार

लिहायला बसतो आणि उठतो. चौथ्यांदा बसलोय.

काल दुपारी ऑस्टिन नदीवर गेला होता, घसरगाडीभर चिखल आणायला. स्टॅव्हर्टचंच यंत्र, स्टॅव्हर्टचाच भाव. मॅकइसाकचा प्रचार करतो म्हणून शेत थोडंच थांबतं. यंत्र असं चालतं की घोडा गोल फिरतो, ढोलावर दोर गुंडाळला जातो आणि बर्फातल्या भोकातून लोखंडी पंजा चिखल घेऊन वर येतो. रॉरी आणि आणखी दोघं होते. दोघांनी त्याला पाठीमागून धरलं. रॉरीनं त्याचा डावा हात दोर आणि ढोलाच्या मध्ये घातला आणि घोड्याला चुचकारलं. घोडा दोन पावलं चालला. मग रॉरीनं त्याला मागे घेतलं आणि पुन्हा दोन पावलं चालवलं.

डॉक्टर अकरा मैलांवरून आला. तीन बोटं स्वयंपाकघरातल्या टेबलावर कापली. मी पाय धरले होते, एफीनं डोकं. रम पाजली होती, तरी करवत लागली तेव्हा त्यानं ओठ आरपार चावला. उरलेली दोन बोटं असून नसून सारखी, असं डॉक्टर म्हणाला. एफीनं ती तीन बोटं फडक्यात गुंडाळली आणि टोपलीत ठेवली, आणि मग काय करायचं ते न कळून टोपली घेऊन उभी राहिली.

आज सकाळी ऑस्टिनला झोप लागली. मी चूल पेटवत होतो. एफी मागे येऊन उभी राहिली.

“बाबा, रॉरी घोड्याला चालवताना काहीतरी म्हणाला. ऑस्टिननं मला सांगितलं.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, ‘मारानं वळणार नाही म्हणे. जपतो दोनच गोष्टी.’”

मी चुलीत आणखी एक ढलपी सरकवली.

“रॉरी मॅकफीला स्वतःची सही करता येत नाही. ‘जपतो दोनच गोष्टी’ असं तो बोलेल का? या गावात असं एकच माणूस बोलतो. मी लहानपणापासून ऐकत आलेय.”

मी म्हणालो, “मी वही छापायला दिली होती.”

“पुढं काय आहे? डावा हात आणि काय?”

सांगितलं. ती दोन्ही हातांनी पोट धरून आत गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला. सँडीची घोडी मी मारली. टिमथीच्या गाई मी जाळल्या. घोड्याला चुचकारलं ते रॉरीनं, पण हात कुठला घालायचा ते मी शिकवलं. मला माझीच शिसारी येते आहे.

२७ जानेवारी, सोमवार

दुकानात गेलो. वाटलं होतं लीअर्ड नाकारील, मग मी आरडाओरडा करीन, चार गिऱ्हाइकांसमोर त्याचं थोबाड फोडीन. सोबत काठी नेली होती. पण मला पाहताच तो उठला, कपाटातून वही काढली, धूळ झटकली आणि माझ्या हातात दिली.

“तुमची ठेव, मास्तर. वीस दिवस म्हणालो होतो, एक दिवस आधीच देतोय. वाचून फार आनंद झाला.”

आणि मी “आभारी आहे” म्हणालो. सवयीनं तोंडातून गेलं. काठी बगलेत तशीच राहिली.

वही रस्त्यातच उघडली. समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत. सँडीच्या नावावर काट, टिमथीच्या नावावर काट. ऑस्टिनच्या ओळीत “डावा हात” खोडलेला आणि “माझी मुलगी” याखाली जाड रेघ. आणखी नऊ नावांपुढं बरोबरच्या खुणा, आणि माझ्या शेऱ्यातला नेमका एकेक शब्द अधोरेखित. कोणाची दारू गाळायची भट्टी, कोणाची शहरात दिलेली मुलगी, कोणाची म्हातारी आई. सगळं मीच पुरवलेलं.

शेवटच्या पानावर, जिथे माझी नोंद कधीच नव्हती, तिथे लीअर्डच्या अक्षरात माझ्यावर एक ओळ आहे. “लॉक्लन बीटन, चौदा एकर. मत देत नाही. याला काठी नको, कौतुक पुरतं.”

वाक्य चांगलं साधलंय. माझ्याच धाटणीचं आहे.

पण वही आता माझ्याकडे आहे. पेन्सिलीच्या खुणांमुळे पुढचा बेत मला कळला, हे त्या शहाण्याच्या लक्षातही आलं नाही. नऊ माणसं वाचवता येतील. उद्या उजाडताच निघतो.

२८ जानेवारी, मंगळवार

नऊच्या नऊ घरं केली. सोबत वही होती. प्रत्येकाला त्याचा शेरा वाचून दाखवला आणि खाली रेघ कशावर आहे ते सांगितलं. काही लपवलं नाही. माफी मागितली.

कोणी ओरडलं नाही, तेच अवघड गेलं. म्हातारी आई असलेला अँगस बॅन म्हणाला, “म्हणजे मी मॅकइसाकचं नाव घेतलं तर आईला...”

“तसा त्यांचा बेत दिसतो. सावध राहा एवढंच सांगायला आलोय.”

“सावध म्हणजे काय करू, मास्तर? तिला खिशात घालून फिरू?”

भट्टीवाल्यानं नुसतं दार लावून घेतलं. ज्याची मुलगी शहरात आहे त्याच्या बायकोनं मला बसायला खुर्ची दिली, माझं बोलणं संपेपर्यंत ऐकलं आणि मग ती खुर्ची उचलून बाहेर अंगणात नेऊन ठेवली.

ज्यांचं नुकसान होऊन गेलं त्यांनाही सांगायला हवं होतं. टिमथीकडे गेलो. त्याच्या बायकोनं सांगितलं, तो बोलत नाही. सँडीकडे गेलो. तो रिकाम्या तबेल्यात बसला होता. घोडीचा शेरा वाचून दाखवला. त्यानं पुन्हा वाचायला लावला. दुसऱ्यांदा “घोडीला विचारा” पर्यंत आलो आणि त्याची मूठ माझ्या तोंडावर बसली. खाली पडलो तर लाथ घातली, बरगडीत, दोनदा. मग धापा टाकत उभा राहिला. म्हणाला, “ऊठ. रक्त पेंढ्यावर सांडू नकोस, तो मी आजच बदललाय.”

समोरचे दोन दात गेले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. निदान एकानं तरी वसूल केलं.

शेवटी ऑस्टिनकडे. एफीनं दार उघडलं, पण बाजूला झाली नाही. तिच्या खांद्यावरून ऑस्टिन दिसत होता, खाटेवर, हात छातीवर बांधलेला. उंबऱ्यातूनच सांगितलं, वहीत एफीच्या नावाखाली रेघ आहे. तापानं त्याचे डोळे चकाकत होते. त्यानं विचारलं, “जाड आहे की बारीक?”

“जाड.”

एफी मला म्हणाली, “बाबा, लीअर्डनं वही परत का दिली?”

“मी आणायला गेलो म्हणून.”

“आणि त्यानं देऊन टाकली.”

“अगं, माणूस लबाड असला तरी दिल्या शब्दाचा...” मी म्हणालो. तिनं दार लावलं. पोरगी दमली आहे, तिला आता कशातही काळंबेरंच दिसणार. मी मात्र आज खूप दिवसांनी शांत झोपेन. त्यांच्या हातातलं हत्यार मी काढून घेतलं आहे.

३० जानेवारी, गुरुवार

मतदान.

सकाळी आठला शाळा उघडली. केंद्राचा अधिकारी गिडियन लॉ शेगडीपाशी हात शेकत होता. दारात दोन्ही बाजूंना रॉरीची माणसं, दहा-बारा, कुऱ्हाडीचे दांडे घेऊन. कोणी यायच्या आत मी उठलो आणि टेबलाच्या पुढच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

लॉ म्हणाला, “मास्तर, काही हवंय?”

“मत द्यायचंय. लिहा. लॉक्लन बीटन, चौदा एकर, एनिअस मॅकइसाक.”

त्यानं दाराकडे पाहिलं. मग माझी लेखणी घेऊन लिहिलं, वाकड्यातिकड्या अक्षरात, आणि वाचून दाखवलं. आता दांडा बसेल म्हणून मान आत ओढून खुर्चीकडे परत आलो. बाहेर रॉरी कोणाला तरी म्हणाला, “मास्तरांना हात लावायचा नाही. सांगितलंय ना?” मला कोणी टिचकीही मारली नाही.

दर तासाला कारकुनानं दारात उभं राहून आकडे पुकारायचे असतात. नऊ वाजता पुकारलं: स्टॅव्हर्ट एकोणीस, मॅकइसाक एक. लोक हसले. कोणीतरी ओरडलं, “एक कोण रे तो?” म्हणालो, “मी.” ते आणखी हसले.

दहाच्या सुमाराला सँडी आला, गावाच्या टोकापासून पायी, घोडी नाही म्हणून. माझ्याकडे न पाहता म्हणाला, “सँडी मॅकॉर्मॅक, साठ एकर, मॅकइसाक. तुझ्यासाठी नाही आलो.” वाचून दाखवलं. तो दारातून बाहेर पडला तसा दांड्यांचा आवाज आला, लाकडावर लाकूड नव्हे, हाडावर लाकूड. मग कोणीतरी पायऱ्यांवरून घरंगळलं. लॉनं शेगडीत ओंडका टाकला. मी उठलो तर त्यानं माझी बाही धरली. म्हणाला, “केंद्र उघडं असताना कारकुनानं उठू नये.” मी बसलो. सँडीचा जबडा तीन जागी मोडला आहे.

अकराला टिमथी आला, डोक्याला फडकी, भुवया जळालेल्या. त्यानं नुसतं “मॅकइसाक” म्हटलं. नाव आणि जमीन मी विचारून घेतली. त्यालाही पायऱ्यांवर धरला. टिमथीनं एकाचा डोळा जायबंदी केला, मग त्याला त्यांनी बर्फात तुडवला. बाहेर एक बाई किंचाळत होती, तिला मी ओळखलं. मागच्या आठवड्यात हिनंच त्याला विझवला होता.

मग मी माझ्या नऊ माणसांची वाट बघू लागलो.

अँगस बॅन बाराला आला. “स्टॅव्हर्ट,” म्हणाला, आणि मी वाचून दाखवायच्या आतच निघाला. भट्टीवाला आला, स्टॅव्हर्ट. मुलगी शहरात असलेला आला, स्टॅव्हर्ट. प्रत्येक जण येताना दारातले दांडे बाजूला होत होते, जाताना कोणी पाठ थोपटत होतं. दोन वाजेपर्यंत नवापैकी सात आले आणि सातही तेच नाव बोलले. दोघं घरीच राहिले. नवातल्या एकालाही कोणी बोट लावलं नव्हतं. नवांची गुरं, आया, मुली, भट्ट्या, सगळं सुखरूप होतं.

ज्यांना मार बसला ते मॅकइसाककडे राहिले, आणि ज्या नवांना मी जाऊन सावध केलं त्यांतला एकही राहिला नाही. सातवं नाव लिहिताना हा हिशेब माझ्या डोक्यात शिरला.

तीनला आकडे पुकारायला दारात गेलो. पायऱ्यांवर रक्त गोठून काळं पडलं होतं, त्यावर राख टाकलेली. रॉरीनं टोपी काढली.

“मास्तर, तुमचे उपकार झाले,” तो म्हणाला. मस्करी करत नव्हता, खरंच मनापासून म्हणत होता. “नऊ घरं, या बर्फात. लीअर्डसाहेब म्हणाले होते, तुम्ही जाल. मला खरं वाटलं नव्हतं. आमचे तीन दिवस वाचले.”

मी आकडे पुकारले. आवाज माझाच होता.

साडेतीनला बाहेर घसरगाडीच्या घंटा वाजल्या. गाडी एफी हाकत होती. तिनं ऑस्टिनला दारापर्यंत धरून आणलं. रॉरीनं दांडा आडवा घातला नाही. मागे सरला आणि बाईमाणसाला वाट द्यावी तशी दिली. ऑस्टिन टेबलापुढं येऊन उभा राहिला. ओठ सुजलेला, हात गळ्यात बांधलेला, चेहऱ्यावर घाम. एफी उंबऱ्यात थांबली, बायकांनी आत यायचं नसतं. तिच्या दोन्ही बाजूंना दांडेवाले उभे होते. त्यातला एक तिच्या पोटाकडे बघत होता.

मी मनात म्हणालो, बोल, मॅकइसाक बोल. आणि मग एफीकडे पाहून म्हणालो, नको बोलूस.

“ऑस्टिन ट्रेनर,” तो म्हणाला. “चाळीस एकर.” मग थांबला. मागे वळून एफीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. “लेम्युअल स्टॅव्हर्ट.”

बाहेर जल्लोष झाला. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, तेव्हाही चांगलंच आलं. कायद्यानं वाचून दाखवावं लागतं.

“ऑस्टिन ट्रेनर, चाळीस एकर, लेम्युअल स्टॅव्हर्ट. बरोबर?”

दात नसल्यामुळे उमेदवाराचं नाव मला नीट उच्चारता आलं नाही. लॉ म्हणाला, “मोठ्यानं, मास्तर. बाहेर ऐकू गेलं पाहिजे.”

पुन्हा वाचलं, मोठ्यानं.

“बरोबर,” ऑस्टिन म्हणाला.

चार वाजता केंद्र बंद झालं. स्टॅव्हर्ट अठ्ठ्याऐंशी, मॅकइसाक तीन. दारात उभं राहून मीच पुकारलं.